करकंबच्या राउटरची दृष्ट

सोलापूर,
४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. ‘फोनवर तू नुसतं हं-हं करतेस, त्यापेक्षा धडपणे लिहीत जा’ असं तू परवा फर्मावलंस, म्हणून हा लांबलचक ईमेल. चष्मा लाव आणि वाच. तू तुझं कागदावरच लिही आणि फोटो काढून धाड, पण अंगठा आवर. मागच्या पत्रातल्या निम्म्या ओळी तुझ्या अंगठ्याखाली गेल्या. ‘तुझ्या लग्नाचं’ एवढं वाचता आलं आणि पुढे नुसतं नख.

बातमी अशी की मी बिलाच्या काउंटरवरून उठले! आमच्या ‘चौफेर नेट’मध्ये आता कंट्रोल रूम झाली आहे. भिंतीवर हा एवढा टीव्ही, त्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि प्रत्येक गावाला एक दिवा. तुझ्या मागच्या खोलीत कंपनीनं जी पेटी ठेवली आहे ना, तिच्यातल्या यंत्राला राउटर म्हणतात. कुठलं इंटरनेट कुठल्या वाटेनं धाडायचं ते तो ठरवतो. आमचं सॉफ्टवेअर थोड्या थोड्या वेळानं प्रत्येक गावच्या राउटरला विचारतं, ‘बाबा, तुझ्याकडच्या वाटा सांग.’ उत्तर आलं की दिवा हिरवा, नाही आलं की लाल. वेळापूर हिरवं, मंद्रूप हिरवं आणि करकंब? जानेवारीत तुझ्याकडे नवा राउटर बसवल्यापासून लाल! बरं, करकंबच्या एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. पण आमच्या दिग्विजय शेठचा गिऱ्हाइकापेक्षा भिंतीवर विश्वास जास्त.

परवा शेठ म्हणाले, ‘पेटी तुझ्या आत्याच्या घरात, म्हणजे करकंब तुझ्या गळ्यात.’ वीस तारखेला एका महिला पतसंस्थेच्या अध्यक्षा येणार आहेत. त्यांच्या सगळ्या शाखांना आमची लाईन घ्यायची का, ते त्या भिंत बघून ठरवणार. त्या दिवशी करकंब हिरवं असलं तर कंट्रोल रूमची मुख्य मी. लाल असलं तर मी परत बिलाच्या काउंटरवर आणि माझ्या खुर्चीत शेठचा मेहुणा. आत्या, मला परत त्या काउंटरवर नाही गं जायचं! दिवसभर ‘मॅडम, पैसे भरले तरी नेट का नाही’ ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. इथं मला खरंच आवडतंय, सकाळी उठून ऑफिसला पळावंसं वाटतं.

तुझ्या फोनवरही हा नकाशा दिसेल असं करून ठेवलं आहे. कुणाला सांगू नकोस. फक्त बघायचं हं.

तुझी,
अंकिता


करकंब,
६ फेब्रुवारी

चि. अंकीस अनेक आशीर्वाद.

अंगठा बाजूला ठिवलाय, बग. अंगणवाडीत एवढी वर्षं पोरांना अक्षरं गिरवायला लावली, आता तू माजं अक्षर तपासायलीस. मी बोलते तसंच लिवते, शुद्धलेखन काढू नको.

काउंटरवरनं उठलीस ते लई बेस झालं. तितं बसून तुजा आवाज पार कंडक्टरवानी झाला हुता. परत तितं जायचं न्हाय म्हंजे न्हाय. मेव्हणा बसू दे की तितं, त्येचा आवाज व्हऊ दे तसा.

आता दिव्याचं. काल दिसभर फोन हातात धरून बसले. भाजी करपली. लाल म्हंजे लाल, जरा म्हणून हालंना. शेजारीण म्हणती, ‘बाई, या वयात कुणाच्या फोनची वाट बगताय?’ तिला काय सांगणार, कप्पाळ? त्यात तुमच्या हाफिसातनं धा येळा फोन. ‘मावशी, पेटी चालू हाय का? मावशी, बारके दिवे लागलेत का?’ हाय की चालू! जाऊन बगितलं, आत दिवे लुकलुकत्यात, पंखा घुंई घुंई करतोय. मला तर काय रोग दिसंना.

पण अंके, मला दुसराच संशय हाय. पेटी घरात आल्यापासनं समदी गल्ली बगून गेली. ‘अगंबाई, केवढी हो!’ ‘अगंबाई, किती दिवे हो!’ मंग व्हायचं तेच झालं. मी बगते काय ते. कसं, ते इचारू नको, तुमच्या हाफिसात हसत्याल.

बजाबाईआत्या


सोलापूर,
१० फेब्रुवारी

आत्या, आत्या, आत्या!

हिरवा! करकंब हिरवं झालं! मी खुर्चीत गोल फिरले आणि पाणी सांडलं. आता मी काय पराक्रम केला ते ऐक.

आमचे राउटर वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. वेळापूरला एकीचा, मंद्रूपला दुसरीचा, तुझ्याकडे तिसरीचा. वाटांची यादी सांगायच्या दोन पद्धती असतात, एक जुनी आणि एक नवी. आमचं सॉफ्टवेअर सगळ्यांना जुन्याच पद्धतीनं विचारत होतं. म्हटलं, सापडला चोर! करकंबचा राउटर नवा, त्याला नव्या पद्धतीनं विचारायला हवं. मी धडाधड सगळ्यांनाच नवी पद्धत लावून मोकळी झाले. पण वेळापूरचा राउटर म्हातारा. त्यानं असलं विचारणं जन्मात ऐकलेलं नाही, तो गप्पच बसला. वेळापूर लाल! करकंब लाल होतं ते लालच. तेवढ्यात शेठ आत आले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मॅडम, होळीला अजून अवकाश आहे.’

घाईघाईनं सगळं होतं तसं केलं, डोळे मिटले, उघडले, तर करकंब हिरवं! नक्की कशानं झालं कुणास ठाऊक, पण हात माझा लागला होता, म्हणजे श्रेय माझंच. तासाभरानं पुन्हा लाल होतं, मी सेटिंग जरा मागेपुढे करते, पुन्हा हिरवं होतं. वीस तारखेला तेवढा एक तास हिरवा राहिला की जिंकले.

ते ‘कसं ते इचारू नको’ काय आहे? पेटी उघडून आत काही करत नाहीस ना? आत हात घालू नकोस, शॉक बसेल.

तुझी,
अंकिता (होऊ घातलेली मुख्य)


करकंब,
१२ फेब्रुवारी

चि. अंकीस आशीर्वाद.

हात लागला म्हणं! अगं येडे, तुज्या शेटिंगनं कसलं हुतंय? मी दिष्ट काढतेय!

दिवा लाल दिसला की उठते, मीठ-मोहऱ्या आन मिरच्या मुठीत घेते आन पेटीवरनं ओवाळते. ‘आल्यागेल्याची, गल्लीतल्या बायांची, फुकट वायफाय मागणाऱ्याची, समद्यांची दिष्ट जळू दे.’ निखाऱ्यावर टाकते. दोन मिंटात दिवा हिरवागार! पयल्यांदा झालं तवा मीच घाबरले. मंग परत लाल झाला, परत काढली, परत हिरवा. आता मला सवयच लागलीय. आंगुळ, देवपूजा, पेटीची दिष्ट.

आन लई मोठी दिष्ट हाय गं. तुला ठावं हाय ना, निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या आन ठसका लागला तर समजायचं काय दिष्ट न्हाई. ठसका न्हाई लागला तर समजायचं, दिष्टीनं समद्या मिरच्या खाल्ल्या. इतक्या मिरच्या टाकते, पर एक ठसका न्हाई! पेटीत हात घालत न्हाई, आईशप्पत. तू कुणाला सांगू नको.

बजाबाईआत्या


सोलापूर,
१५ फेब्रुवारी

ती. आत्या,

सांगितलं. माफ कर. तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की आमचा लाईनमन कोंडीबा धावत आला, त्याला वाचून दाखवलं. तो हसला ते शेठला ऐकू गेलं, मग शेठला वाचून दाखवावं लागलं.

शेठ हसले नाहीत. साध्या वायरच्या बंडलासमोर नारळ फोडणारा माणूस तो! त्यांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, ‘मोहरी किती?’

तेव्हापासून आमच्या ऑफिसात काय चाललंय म्हणून सांगू! कोंडीबाला मीठ, मोहरी आणि मिरच्यांची पुडी देऊन वेळापूरला धाडलं. वेळापूर आधीच हिरवं, ते आणखी काय हिरवं होणार? तिथून तो मंद्रूपला गेला. तिथली पेटी इलाहीबक्ष चाचांच्या मोबाईलच्या दुकानात आहे. चाचा म्हणाले, ‘नजर हमारे में भी उतारते बेटा, पर मशीन की? आग अंदर नक्को लाव!’ मग कोंडीबानं दुकानाबाहेर उभं राहून लांबूनच ओवाळलं. नेमकं त्याच दिवशी खड्डा खणताना कुणीतरी मंद्रूपची वायर तोडली आणि मंद्रूप लाल झालं. कोंडीबानं तीनदा दृष्ट काढली, तरी लालच. आता शेठचं ठाम मत असं की तुझ्या हाताला गुण आहे आणि तुझी नेमकी पद्धत आम्हाला हवी. तेव्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय करतेस ते सगळं लिहून पाठव. काही गाळू नकोस, शेठला छापून भिंतीवर लावायचंय.

हसून हसून पोट दुखलं खरं, पण आतून मी घाबरले आहे. करकंब हिरवं व्हायला लागल्यापासून तिथून तक्रारी यायला लागल्यात. ‘मधेच नेट जातं,’ म्हणतात. लाल होतं तेव्हा एक तक्रार नव्हती! पतसंस्थेच्या बाईंना कुणी हे सांगितलं तर संपलंच सगळं. मला काही कळेनासं झालंय गं.

तुझी,
अंकिता


करकंब,
१६ फेब्रुवारी

चि. अंकीस आशीर्वाद.

सांगू नको म्हनलं की आधी सांगायचं, ही तुज्या बापाची खोड. जाऊ दे, शेठ हसला न्हाई म्हंजे माणूस चांगला हाय.

पद्दत लिवते. दिवा लाल दिसला की हातपाय धुवायचे. निखारा चुलीतला घ्यायचा, ग्यासवरचा चालत न्हाई. मोहऱ्या चिमूटभर, खडेमीठ, मिरच्या आपल्या लाल, डेठासकट. मंग पेटीजवळ जायचं आन पेटीच्या बगलेचं बटण बंद करायचं, कारण आतला पंखा भणाभणा वारं सोडतो, राख समद्या खोलीभर उडती, मागं एकदा माज्या डोळ्यात गेली. बटण बंद केलं की पंखा गप्प. निवांत ओवाळायचं. निखाऱ्यावर टाकायचं. धूर सरळ खिडकीतनं भायेर जातो, ठसका म्हणून न्हाई. मंग हात जोडायचं आन बटण चालू करायचं. झालं. दोन मिंटात हिरवा.

तक्रारीचं म्हणशील तर माजीबी एक हाय, पर तू आदीच टेन्शनमदी, म्हणून बोलले न्हाई. तुजा दिवा हिरवा झाला की माजी नेटवरची मालिका बंद पडती. ती सून सासूला काय बोलायला तोंड उघडती आन तितंच गोल गोल फिरत ऱ्हातं. आन तुजा दिवा लाल असला की मालिका झ्याक चालती! म्हनलं, असू दे. पोरीचा दिवा हिरवा हाय, आपण मालिका न्हाई बगितली तर काय बिगडतंय? तुज्यासाठी सोडली म्हण.

बजाबाईआत्या


सोलापूर,
१८ फेब्रुवारी

आत्या!

बटण! अगं बटण! पंखा आणि राउटर एकाच बटणावर आहेत! तू पंखा बंद करत नव्हतीस, अख्ख्या करकंबचं इंटरनेट बंद करत होतीस! दिवसातून चार-चार वेळा! आणि मी इथं खुर्चीत गोल फिरत होते!

थांब, रागावले नाही. उलट तुझे पाय धरावेसे वाटतायत, कारण तुझ्या मालिकेमुळे मला सगळं उमगलं. नीट ऐक.

मंद्रूपच्या राउटरला विचारलं, ‘तुझ्याकडच्या वाटा सांग,’ तर तो चार वाटा सांगतो आणि मोकळा होतो. पण बाहेरच्या जगाकडची आपली दुसरी मोठी लाईन करकंबातून येते. त्यामुळे तुझ्याकडच्या राउटरला साऱ्या जगाच्या वाटा पाठ आहेत. लाखोंनी! त्याला तोच प्रश्न विचारला की तो एकेक वाट सांगत बसतो. तुला कुणी ‘कशी आहेस’ विचारलं की तू शेजारणीच्या सुनेच्या बाळंतपणापासून सुरू करतेस ना, अगदी तसा. सॉफ्टवेअर थोडा वेळ वाट बघतं, मग कंटाळतं आणि म्हणतं, ‘हा काही उत्तर देत नाही.’ दिवा लाल. म्हणजे लाल असतो तेव्हा तो ठणठणीत असतो, फक्त बडबड संपलेली नसते!

तू बटण बंद करून चालू केलंस की तो सगळं विसरतो. जगाच्या वाटा पुन्हा शिकेपर्यंत त्याला घरच्या चारच वाटा ठाऊक असतात. त्या तो पटकन सांगतो आणि आमचा दिवा हिरवा होतो. पण बाहेर जायची वाटच ठाऊक नाही, म्हणून तुझी मालिकेतली सून तोंड उघडून बसते.

आता मी प्रत्येक राउटरला त्याच्या त्याच्या तऱ्हेनं विचारायचं ठरवलं आहे. वेळापूरच्या म्हाताऱ्याला जुन्या पद्धतीनं, मंद्रूपला नव्या पद्धतीनं. आणि करकंबला एवढंच, ‘बाबा, आपल्या गावांच्या वाटा तेवढ्या सांग, आणि बाहेरची वाट उघडी आहे का ते सांग. बाकी जग राहू दे.’ आज दुपारी सेटिंग बदललं. आता बटणाला अजिबात हात लावू नकोस. दिवा हिरवा आणि मालिका चालू, हे दोन्ही एकदम दिसलं तर मला लगेच कळव.

आणि आता खरी अडचण. शेठला हे सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘तुझं सेटिंग असू दे, पण दृष्ट हवीच.’ वीस तारखेला अकरा वाजता ते व्हिडिओवर तुला पतसंस्थेच्या अध्यक्षांना दाखवणार आहेत आणि सगळ्यांसमोर तू दृष्ट काढायची आहे. मी पाया पडले, ऐकत नाहीत. त्या वेळी बटण बंद झालं तर व्हिडिओ जागच्या जागी बंद पडेल आणि माझं नशीब काउंटरवर. आत्या, ओवाळ, जाळ, काय हवं ते कर, पण बटण नाही!

तुझी,
अंकिता


करकंब,
१९ फेब्रुवारी

अंके,

दोन्ही एकदम! सुनेनं सासूला पार धुऊन काढलं आन दिवा कालपासनं हिरवा! मी मालिका बगत बगत टाळ्या वाजवल्या. बटणाला हात लावीन तर नाव बजाबाई न्हाई. उद्याचं लुगडं काढून ठिवलंय.

आत्या


करकंब,
२० फेब्रुवारी

चि. अंकीस,

आशीर्वाद कुठल्या तोंडानं देऊ? मी तुजं वाटोळं केलं गं.

अकरा वाजता शेठचा फोन आला, चित्रासकट. त्यो मोबाईल मी डब्याला टेकून ठिवला. पलीकडं शेठ दिसला, तुमची भिंत दिसली, तू कोपऱ्यात हुतीस आन मदी त्या अध्यक्षीणबाई, जाड चष्म्याच्या. शेठ म्हणाला, ‘मावशी, सुरू करा.’ बटणाला हात लावला न्हाई, शप्पत. पर बटण चालू म्हंजे पंखा चालू, हे माज्या डोक्यात आलंच न्हाई! त्यात आज मोठा दिस, म्हणून मिरच्या चांगल्या दोन मुठी घेतल्या.

निखाऱ्यावर टाकल्या मात्र, पंख्यानं समदा धूर उचलला आन माज्या तोंडावर फेकला. असा ठसका, असा ठसका, डोळ्यातनं पाण्याच्या धारा! बगायला आलेल्या गल्लीतल्या बाया खोकत खोकत भायेर पळाल्या. दारातलं कुत्रं शिंकाय लागलं. मला ‘आल्यागेल्याची’ म्हणता येईना, नुसतं ‘आ... आ...’ चाललं हुतं. पदर तोंडाला लावून मोबाईलकडं बगितलं, तर त्या अध्यक्षीणबाईनंबी तोंडाला पदर लावलेला आन खांदे हालायलेले. शेठनं कपाळावर हात मारलेला मी माज्या डोळ्यानं बगितला.

मी निखारा अंगणात फेकला आन मोबाईल बंदच करून टाकला. अजून चालू केला न्हाई. हे पत्र शेजारणीच्या फोनवरनं धाडतेय. तुजी खुर्ची गेली ती माज्यापायी. शेठला सांग, आत्या येडी हाय, पोरगी शाणी हाय. काउंटरवर बसलीस तरी माज्यावर राग धरू नको गं. दुपारपासनं चुलीजवळ बसून रडतेय आन लोकांना वाटतंय मिरच्यांनी.

बजाबाईआत्या


सोलापूर,
२१ फेब्रुवारी

वेडाबाई, फोन चालू कर!

तू फोन बंद केलास आणि पुढचं सगळं चुकवलंस. अध्यक्षा ईरम्माबाई हसत होत्या गं, पदर लावून! त्या अक्कलकोटकडच्या. तुझा पहिला ठसका आला तशा म्हणाल्या, ‘यव्वा! ठसका बघा की, कसा स्वच्छ ऐकू येतोय!’ दुसऱ्या ठसक्याला त्या खुर्ची पुढे घेऊन बसल्या. ‘आमच्या शाखेत कॅमेऱ्यासमोर कोण शिंकलं, तर चित्र अडकून बसतंय बघा. शिंक पुढच्या मीटिंगला पोचतीय. हितं कुत्रं शिंकलेलंसुद्धा दिसलं!’

शेठ कपाळावर हात मारून बसलेले. मग ईरम्माबाई शेठकडे वळून गंभीरपणे म्हणाल्या, ‘एवढा ठसका म्हणजे दृष्ट नाहीच की. मशीन निरोगी आहे.’ शेठचा चेहरा असा उजळला म्हणतेस! त्यांना एकदम सगळं पटलं. माझं सेटिंग पटवायला मी दोन दिवस घसा फोडला होता आणि तुझ्या मिरच्यांनी क्षणात पटवलं.

पण बाई भोळ्या नाहीत हं. निघताना भिंतीकडे बोट करून विचारलं, ‘हा दिवा खरं बोलतोय कशावरून?’ शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं. कुणाला कसं विचारायचं, करकंबचा बोलका राउटर, आधी लाल असताना सगळं कसं ठीक होतं ते. तुझं बटणही सांगितलं, लपवलं नाही. म्हटलं, हाकलायचं तर हाकला. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘चूक झाली ती सांगणारी पोरगी हाय, तर आमच्या शाखा तिच्याकडं द्यायला हरकत नाही. ही कोण तुमची?’

शेठनं एकदा छताकडे बघितलं, एकदा मेहुण्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘आमच्या कंट्रोल रूमच्या मुख्य. अंकिता मॅडम.’

आत्या, मी मुख्य झाले! सगळ्यांसमोर रडले, आणि लोकांना माहीत होतं की इथं मिरच्या नाहीत.

तुझी,
मुख्य


करकंब,
३ मार्च

चि. अंकीस अनेक अनेक आशीर्वाद.

समद्या गल्लीला पेढे वाटले. शेजारणीला सांगितलं, माजी भाची भिंतीवर समदा जिल्हा बगती. ती म्हणती, ‘मग माझी लाईट कधी येती ते विचारा.’ तिला काय कळतंय? नादच सोडला.

पेटी बेस चालू हाय. दिवा हिरवाच. मालिकेतली सासू आता आजारी पडलीय, चांगलं झालं.

एक गोष्ट लिवू का नको करत हुते. लिवते. दिवा लाल हुता तवा तुमच्या हाफिसातनं धा येळा फोन यायचा. कवा कोंडीबा, कवा शेठ, कवा तू. ‘मावशी, बगा.’ ‘आत्या, बग.’ मी वैतागायचे, पर उठायचे, पदर खोचायचे, पेटीकडं जायचे. आता बरं चाललंय, म्हणून कुणाचाच फोन न्हाई. तुजाबी न्हाई. आज सकाळी पेटी पुसली, नीट चकाचक केली आन तिच्याम्होरं बसून ऱ्हायले. पोरगा नाशकाला, त्येला येळ न्हाई. तुलाबी काम वाढलं असंल, मुख्य हाईस. मला कळतंय की.

एकदा मनात आलं, बटण दाबू का? न्हाई दाबलं. तुजा दिवा हाय.

आत्या


सोलापूर,
५ मार्च

आत्या,

तुझं पत्र कंट्रोल रूममध्येच वाचलं. चुकलं माझं.

मग शेठच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, शनिवारी करकंबला जाते. ते दचकून उठले आणि धावत भिंतीपाशी आले.

‘लाल झालं?’

‘नाही, हिरवं आहे.’

‘मग काय बिघडलंय?’

‘काही नाही.’

‘मग कशाला जातेस?’

‘आत्याकडे.’

सकाळच्या गाडीनं येते. राहायला.

अंकी